अमेरिकेतील ओपिऑइड व्यसनमुक्तीचे अनुदान: पैसा कुठून येतो आणि कुठे अडतो

जानेवारी २०२६ च्या मध्यावर अमेरिकेत व्यसनमुक्ती आणि मानसिक आरोग्याचे काम करणाऱ्या संस्थांना केंद्र सरकारकडून पत्रे आली. तुमचे अनुदान रद्द करण्यात आले आहे, एवढाच त्यांचा आशय होता. दोन हजारांच्या आसपास अनुदाने आणि सुमारे २ अब्ज डॉलर एवढी रक्कम त्या पत्रांनी थांबली. दोन्ही पक्षांच्या लोकप्रतिनिधींनी आवाज उठवला आणि एका दिवसाच्या आत सरकारने निर्णय मागे घेतला. ज्यांची मुले, भाचे, पुतणे न्यू जर्सीत किंवा ओहायोत राहतात अशा आपल्याकडच्या अनेक वाचकांनी ही बातमी वाचली असेल आणि त्यांना साहजिकच प्रश्न पडला असेल, की ज्या संकटाने त्या देशात वर्षाला लाखभर माणसे मारली, त्यावरच्या उपचारांचा पैसा एका पत्राने बंद आणि दुसऱ्या पत्राने सुरू कसा काय होऊ शकतो?

या प्रश्नाचे उत्तर त्या पैशाच्या स्वरूपात आहे. अमेरिकेत या आजारावर खर्च कमी होतो असे नाही. पण त्यातला मोठा भाग मुदतीचा असतो आणि आजार मात्र मुदत पाळणारा नसतो. पुढचे सगळे विवेचन या एका विसंगतीभोवती फिरते.

ओपिऑइड म्हणजे काय, आणि आजार किती काळ टिकतो

अफूपासून निघणारी किंवा अफूसारखाच परिणाम करणारी जी द्रव्ये आहेत, त्या सर्वांना मिळून ओपिऑइड म्हणतात. मॉर्फिन आणि कोडीन ही थेट अफूतली, हेरॉइन हे मॉर्फिनवर प्रक्रिया करून केलेले, ऑक्सिकोडोन हे अर्धे कृत्रिम, तर फेंटानिल हे प्रयोगशाळेत घडवलेले आणि मॉर्फिनच्या पन्नास ते शंभर पट तीव्र. १९८० च्या दशकात मुंबई-पुण्यात ज्याला गर्द म्हणत, ती ब्राउन शुगर म्हणजे हेरॉइनचेच अशुद्ध रूप होते. ही सगळी द्रव्ये मेंदूतल्या एकाच प्रकारच्या ग्राहकांना (रिसेप्टर, म्हणजे पेशींवरच्या रासायनिक संदेश झेलणाऱ्या जागांना) चिकटतात, वेदना कमी करतात, सुखाची लाट आणतात आणि श्वास मंद करतात. मात्रा जास्त झाली तर श्वास थांबतो, आणि माणूस मरतो तो त्यामुळेच.

रोज घेतल्यावर शरीराला त्याची सवय होते. मग ते मिळाले नाही की अंग मोडून येते, उलट्या-जुलाब होतात, झोप उडते. आपल्याकडच्या गर्दुल्ल्यांच्या बोलीत याला टर्की म्हणतात. टर्कीचे दिवस आठवड्या-दीड आठवड्यात सरतात, आणि इथेच सामान्य माणसाची (आणि पुष्कळ लोकप्रतिनिधींचीही) गल्लत होते. टर्की संपली म्हणजे व्यसन सुटले असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात तलफ महिनोन्‌महिने, कित्येकदा वर्षानुवर्षे टिकते, आणि दरम्यान शरीराची सवय मात्र मोडलेली असते. त्यामुळे पूर्वी सहज पचणारी मात्रा आता जीव घेऊ शकते. वॉशिंग्टन राज्यात तुरुंगातून सुटलेल्यांवर झालेला एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत अतिमात्रेने मरण्याचा त्यांचा धोका सर्वसाधारण लोकांच्या १२९ पट असल्याचे त्यात आढळले. आठवडाभर दाखल करून, शरीर ‘स्वच्छ’ करून रुग्णाला घरी धाडणे हा या आजारात अर्धा उपचार ठरतच नाही; कधीकधी तो काहीच न करण्यापेक्षा घातक ठरतो.

संकटाचा इतिहास थोडक्यात असा. १९९६ मध्ये पर्ड्यू फार्मा या कंपनीने ऑक्सिकॉन्टिन ही वेदनाशामक गोळी बाजारात आणली आणि तिच्या व्यसनाचा धोका कमी असल्याचा प्रचार केला. त्या प्रचाराबद्दल कंपनीच्या एका शाखेने २००७ मध्ये न्यायालयात गुन्हा कबूल केला. गोळ्या मिळणे अवघड झाल्यावर २०१० च्या सुमारास लोक हेरॉइनकडे वळले आणि २०१३ पासून बाजारात फेंटानिल शिरले. २०२२ मध्ये अमेरिकेत अमली द्रव्यांच्या अतिमात्रेने १,०७,९४१ माणसे मेली. त्यांतल्या सुमारे ८२ हजार मृत्यूंमागे ओपिऑइड होते.

उपचारात नेमका खर्च कशावर होतो

औषधे तीन आहेत. मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन ही दोन मेंदूतल्या त्याच ग्राहकांवर सावकाश आणि स्थिरपणे काम करतात, त्यामुळे टर्की येत नाही आणि तलफ आटोक्यात राहते. तिसरे नाल्ट्रेक्सोन, जे ते ग्राहक अडवून धरते. यांखेरीज नॅलॉक्सोन हे नाकात फवारायचे औषध आहे. ते व्यसनावरचा उपचार नव्हे. ते मरणाऱ्याचा श्वास परत आणते. मार्च २०२३ पासून ते चिठ्ठीविना विकायला अमेरिकेत परवानगी मिळाली.

व्यसनावरच्या उपचारासाठी मेथाडोन अमेरिकेत औषधांच्या दुकानात मिळत नाही. त्यासाठी परवानाप्राप्त दवाखाने असतात आणि सुरुवातीला तरी बहुतेक रुग्णांना तिथे रोज जाऊन डोस घ्यावा लागतो. दवाखाना घरापासून साठ मैलांवर असेल आणि रुग्णाचा वाहनपरवाना जप्त झालेला असेल, तर औषध फुकट असूनही उपचार होत नाही. म्हणून खर्चाच्या यादीत प्रवासाची सोय येते. नशा करणाऱ्यांच्याच घोळक्यात परत जावे लागू नये म्हणून काही महिने राहायला घर लागते. नोकरी लावून देणारा, न्यायालयाच्या तारखा सांभाळणारा कोणीतरी लागतो. आणि स्वतः या वाटेने जाऊन आलेला सहकारी लागतो. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने मुक्तांगण उभे केले, ते गर्दच्याच लाटेत. तिथे व्यसनातून बाहेर आलेली माणसेच पुढे कार्यकर्ते झाली. अमेरिकेत आज या कामाला रीतसर पदनाम, प्रशिक्षण आणि पगार आहे.

डॉक्टरांची तपासणी आणि औषध यांचे बिल विमा कंपनीला पाठवता येते. घरभाडे, प्रवास, पहाटे तीन वाजता फोन उचलणारा सहकारी यांचे बिल कोणाला पाठवायचे? सरकारी अनुदानाची गरज मुख्यत्वे इथे सुरू होते.

अनुदान कोणत्या वाटेने येते

अनुदान म्हणजे ठरावीक कामासाठी, ठरावीक मुदतीत, ठरावीक अटींवर सरकारने दिलेली आणि परत करावी न लागणारी रक्कम. अमेरिकेत ही रक्कम प्रथम संसद मंजूर करते. ती आरोग्य व मानवसेवा विभागाकडे जाते आणि त्या विभागातील, १९९२ मध्ये स्थापन झालेली सॅम्सा (व्यसन आणि मानसिक आरोग्य सेवांचे प्रशासन) ही संस्था ती वाटते. सॅम्साकडून पैसा बहुतेक वेळा राज्य सरकारच्या व्यसनविषयक विभागाकडे, तिथून काउंटीकडे, म्हणजे जिल्ह्यासारख्या घटकाकडे, किंवा स्वयंसेवी संस्थेकडे आणि शेवटी दवाखान्याकडे पोचतो. प्रत्येक टप्प्यावर नवा करार, नवे अंदाजपत्रक आणि नवा हिशेब असतो.

ओपिऑइडसाठीचे खास अनुदान तुलनेने अलीकडचे आहे. डिसेंबर २०१६ मध्ये झालेल्या एका कायद्याने दोन वर्षांसाठी मिळून १ अब्ज डॉलर राज्यांना मिळाले. २०१८ पासून त्याची जागा ‘स्टेट ओपिऑइड रिस्पॉन्स’ या योजनेने घेतली. तिच्यासाठी आता दरवर्षी साधारण दीड अब्ज डॉलर मंजूर होतात. २०२० पासून त्यातून कोकेन आणि मेथॅम्फेटामिनसारख्या उत्तेजकांच्या व्यसनावरही खर्च करता येतो. मूळनिवासी जमातींसाठी वेगळा हिस्सा आहे.

टँकर आणि नळ

या पैशाचे इतर पैशांशी नाते समजायला आपल्याला दूर जायला नको. मराठवाड्यात किंवा माणदेशात उन्हाळ्यात टंचाई जाहीर झाली की टँकर येतो. तो येतो म्हणून गाव तगते, त्यामुळे टँकरला नावे ठेवण्यात अर्थ नाही. पण टँकरच्या फेऱ्या कधी सुरू होणार आणि कधी थांबणार हे तहसील कचेरीत ठरते, आणि त्याच्या भरवशावर कोणी फळबाग लावत नाही. नळयोजना असेल तर पाणी रोज येते, मीटरप्रमाणे पैसे पडतात आणि माणूस पुढच्या दहा वर्षांचा विचार करू शकतो.

ओपिऑइडसाठीचे खास अनुदान हा टँकर आहे. नळयोजना म्हणजे मेडिकेड, गरीब लोकांसाठीचा केंद्र आणि राज्य यांच्या सामाईक खर्चातून चालणारा आरोग्यविमा. ओपिऑइडचे व्यसन असलेल्या पासष्ट वर्षांखालील प्रौढांपैकी सुमारे चाळीस टक्के लोकांचा विमा मेडिकेडचा आहे, आणि या उपचारांचा देशातला सर्वांत मोठा खर्च तोच उचलतो. मेडिकेडची रक्कम आधी ठरलेली नसते. पात्र रुग्ण वाढले की खर्च वाढतो आणि केंद्राला आपला वाटा द्यावाच लागतो. अनुदानाचे तसे नाही; मंजूर रक्कम संपली की संपली, मग दाराशी कितीही रुग्ण उभे असोत.

या दोन्हींच्या मधे एक जुना प्रकार आहे. व्यसनप्रतिबंध आणि उपचारांसाठी प्रत्येक राज्याला सूत्रानुसार मिळणारे ठोक अनुदान. ते वर्षाला सुमारे २ अब्ज डॉलर असते, त्यातले किमान वीस टक्के प्रतिबंधावर खर्च करावे लागतात, आणि ते बऱ्यापैकी भरवशाचे मानले जाते.

मग टँकर लागतो कुठे? जिथे नळ पोचलेला नाही तिथे. टेक्सास, फ्लोरिडा, जॉर्जियासह दहा राज्यांनी २०१४ पासून उपलब्ध झालेला मेडिकेडचा विस्तार अजून स्वीकारलेला नाही, त्यामुळे तिथल्या मुलेबाळे नसलेल्या गरीब प्रौढांना बहुधा विमाच नसतो. तुरुंगात असलेल्या माणसावर मेडिकेड सहसा खर्च करत नाही. १९६५ पासूनच्या एका नियमामुळे सोळापेक्षा जास्त खाटांच्या मनोरुग्णालयात किंवा व्यसनमुक्ती केंद्रात दाखल झालेल्या प्रौढांचा खर्चही, विशेष सवलत घेतल्याशिवाय, मेडिकेडला करता येत नाही. आणि घरभाडे तर कुठल्याच विम्यात बसत नाही.

टँकरच्या पैशातून नळ टाकता आला, तर तो त्याचा सर्वांत चांगला उपयोग. त्याचा नमुना व्हर्मांट या छोट्या राज्यात तयार झाला, पण तिथे मूळ पैसा मेडिकेडचाच होता. २०१४ मध्ये तिथल्या गव्हर्नरने राज्याला उद्देशून केलेले संपूर्ण वार्षिक भाषण हेरॉइन आणि ओपिऑइडच्या संकटावर केले होते, यावरून प्रश्न किती गळ्याशी आला होता ते कळते. तिथे मेथाडोनचे मोजके मोठे दवाखाने मध्यवर्ती धरले आणि गावोगावचे कुटुंबवैद्य त्यांना जोडले. अवघड रुग्ण केंद्रात येतो, स्थिरावला की आपल्या गावच्या डॉक्टरकडे जातो, पुन्हा घसरला तर परत केंद्रात. कॅलिफोर्नियाने हीच रचना केंद्राच्या ओपिऑइड अनुदानातून उचलली. डॉक्टरांचे प्रशिक्षण, समन्वयक परिचारिका, पहिल्या काही महिन्यांचा तोटा हा खर्च अनुदानाने सोसावा आणि रुग्णांची बिले नंतर विम्याने भरावीत, असा हा हिशेब आहे.

पैसे उरतात, मग गरज आहे कशी म्हणता?

हा आक्षेप वारंवार येतो आणि त्याला आकड्यांचा आधार आहे. २०१६ च्या कायद्याने मिळालेल्या १ अब्ज डॉलरपैकी जवळजवळ एक तृतीयांश रक्कम दोन वर्षांच्या अखेरीस अखर्चित होती, असे आरोग्य विभागाच्याच महानिरीक्षकांना २०२० मध्ये आढळले. त्याच वेळी लोक उपचारांवाचून मरत होते.

कारण मुदतीत आहे. राज्याला मंजुरीचे पत्र मिळाल्यावर निविदा निघणार, संस्थांशी करार होणार, विधिमंडळाची खर्चाला मान्यता लागणार, मग संस्था जाहिरात देऊन माणसे शोधणार. ग्रामीण केंटकीत किंवा वेस्ट व्हर्जिनियात व्यसनोपचाराचा अनुभव असलेली परिचारिका मिळायला वर्ष लागू शकते, आणि तिला सांगायचे काय, तर ही नोकरी आणखी चौदा महिने नक्की आहे, पुढचे पाहू. ज्याच्यापाशी दुसरा पर्याय आहे तो अशी नोकरी का धरील? संस्थाही इमारत घेण्यापेक्षा भाड्याची जागा आणि प्रशिक्षणाचे वर्ग पसंत करतात, कारण वर्ग कधीही बंद करता येतात. स्टेट ओपिऑइड रिस्पॉन्सच्या सध्याच्या फेरीची मुदत तीन वर्षांची आहे, हे पूर्वीच्या दोन वर्षांपेक्षा बरे म्हणायचे.

रुग्णाच्या बाजूने पाहिले तर मुदतीचा अर्थ अधिक कठोर होतो. ब्युप्रेनॉर्फिनवर स्थिर असलेल्या माणसाचा दवाखाना बंद पडला, तर त्याच्या हाती टर्की आणि रस्त्यावरचे फेंटानिल या दोनच गोष्टी उरतात. जानेवारीतल्या त्या पत्रांनी इतकी घबराट का उडाली, ते यावरून लक्षात यावे. त्याआधी मार्च २०२५ मध्येही आरोग्य विभागाने कोविडकाळात मंजूर झालेली सुमारे ११ अब्ज डॉलरची अनुदाने एकाएकी थांबवली होती. त्यात सॅम्सामार्फत जाणारे सुमारे १ अब्ज डॉलर होते. राज्ये न्यायालयात गेली आणि ऱ्होड आयलंडमधल्या केंद्रीय न्यायालयाने ती कारवाई रोखली. त्याच महिन्यात सॅम्सा ही संस्थाच एका नव्या प्रशासनात विलीन करण्याची घोषणा झाली.

अटी: काही शहाण्या, काही जाचक

दोन अटी जवळपास सगळीकडे असतात. पहिली अशी, की हा पैसा शेवटचा पर्याय म्हणून वापरावा. विम्यातून बिल मिळत असेल तर आधी तिकडे जावे. दुसरी अशी, की राज्याने आपला चालू खर्च कापून त्या जागी केंद्राचा पैसा बसवू नये. दोन्ही अटी योग्य आहेत, फक्त दुसरी पाळली जाते की नाही हे तपासणे फार कठीण आहे.

तिसरी अट मला सर्वांत मोलाची वाटते. स्टेट ओपिऑइड रिस्पॉन्सच्या पैशातून उपचार करणाऱ्या केंद्राला औषधोपचार नाकारता येत नाही. अमेरिकेत निव्वळ समुपदेशन आणि संयमावर चालणारी, औषध घेणाऱ्याला प्रवेशच न देणारी केंद्रे पुष्कळ आहेत. त्यांना या एका अटीने जेवढे हलवले तेवढे कोणत्याही भाषणाने हलवले नसेल.

जाचक भाग नोंदींचा आहे. प्रत्येक रुग्णाची दाखल होताना एक लांबलचक मुलाखत, सहा महिन्यांनी दुसरी, सेवा संपताना तिसरी. सहा महिन्यांनंतर ऐंशी टक्के रुग्ण पुन्हा गाठून मुलाखत घ्यावी, अशी अपेक्षा असते. ज्याला घर नाही, ज्याचा फोन महिन्याला बदलतो, त्याला शोधत फिरण्यात एका पूर्णवेळ माणसाचा पगार जातो. मोठी संस्था हे निभावते. चर्चच्या तळघरात चालणारी लहान संस्था अर्जच करत नाही, आणि बऱ्याचदा गरजू माणूस विश्वासाने जातो तो तिथेच.

वाटपाच्या सूत्रातही एक गाठ आहे. उपचारांची गरज असलेल्यांची संख्या आणि अतिमात्रेचे मृत्यू यांवर राज्याचा वाटा ठरतो, आणि एकूण रकमेतला पंधरा टक्के भाग सर्वाधिक मृत्युदराच्या दहा राज्यांसाठी राखीव असतो. म्हणजे एखाद्या राज्याने चांगले काम करून मृत्यू घटवले आणि ते अकराव्या क्रमांकावर गेले, तर त्याच्या वाट्याचा मोठा तुकडा जाऊ शकतो. संसदेच्या हे ध्यानात आले आणि असा कडेलोट टाळावा, अशी सूचना तिने सॅम्साला दिली. तरी ‘यश आले की पैसा आटतो’ ही भीती राज्यांच्या अधिकाऱ्यांच्या मनातून गेलेली नाही.

एक व्यसन सोडवून दुसरे लावायचे का?

मेथाडोन हेही ओपिऑइडच, मग सरकारी पैशातून नशाच पुरवली असे होत नाही का? हा प्रश्न न्यूयॉर्कमध्ये व्हिन्सेंट डोल आणि मेरी निस्वांडर यांनी १९६० च्या दशकात मेथाडोनचा उपचार सुरू केला तेव्हापासून विचारला जातो. त्याचे उत्तर मृत्यूंच्या नोंदी देतात. मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिनवर असलेल्या रुग्णांमध्ये मृत्यूचे प्रमाण साधारण निम्म्यावर येते, असे वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांतून पुन्हापुन्हा दिसले आहे. फ्रान्सने १९९५ पासून साध्या कुटुंबवैद्यांना ब्युप्रेनॉर्फिन लिहून देण्याची मोकळीक दिली, आणि चार वर्षांत तिथले अतिमात्रेचे मृत्यू ७९ टक्क्यांनी घटले. ऱ्होड आयलंडने २०१६ मध्ये आपल्या तुरुंगांत तिन्ही औषधे उपलब्ध केली. पुढच्या वर्षी, नुकत्याच सुटलेल्या कैद्यांमधले असे मृत्यू ६१ टक्क्यांनी कमी झाले.

व्यसन म्हणजे निव्वळ शरीराला लागलेली सवय नव्हे. त्या पदार्थापायी घर, काम, नाती आणि जीव पणाला लावूनही थांबता न येणे म्हणजे व्यसन. रोज ठरलेला डोस घेऊन कामावर जाणारा माणूस त्या व्याख्येत बसत नाही. तरीही २०२२ मध्ये उपचारांची गरज असलेल्या अमेरिकी प्रौढांपैकी जेमतेम पंचवीस टक्के लोकांना ही औषधे मिळाली. ब्युप्रेनॉर्फिन लिहून देण्यासाठी डॉक्टरांना खास परवानगी लागे. ती अट डिसेंबर २०२२ च्या अखेरीस रद्द झाली, पण पुष्कळ डॉक्टर अजून असे रुग्ण घ्यायला कचरतात.

व्यसन त्याने केले, पैसा मी का भरावा?

करदात्याचा हा सवाल झटकून टाकण्यासारखा नाही. त्याला करुणेच्या भाषेत उत्तर देता येते, पण ते न देताही भागते. उपचार न झालेल्या रुग्णावरही सरकारचा खर्च होतोच: रुग्णवाहिका, अतिदक्षता विभाग, तुरुंग, आईवडील हरवलेल्या मुलांची सोय, दूषित सुयांतून पसरणारे एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी. हा खर्च वेगवेगळ्या खात्यांत विखुरलेला असल्यामुळे दिसत नाही, आणि उपचारांचा खर्च एका ओळीत लिहिलेला असल्यामुळे डोळ्यांत भरतो. शिवाय पहिल्या लाटेतल्या पुष्कळांना पहिली गोळी डॉक्टरांनी, पाठदुखीसाठी किंवा अक्कलदाढ काढल्यावर, सरकारमान्य औषध म्हणून दिली होती.

या क्षेत्रात लबाडी आहे, हे मात्र खरे. ॲरिझोनात ‘व्यसनमुक्त निवास’ म्हणवणाऱ्या घरांनी मूळनिवासी लोकांना गोळा करून न दिलेल्या उपचारांची बिले मेडिकेडला लावली, आणि २०२३ मध्ये राज्याला शेकडो केंद्रांची देयके रोखावी लागली. तो घोटाळा नळाच्या पैशातला होता. टँकरच्या फेऱ्या मोजल्या जातात, नळाला भोक पाडले तर लवकर कळत नाही; अनुदानातल्या जाचक नोंदींच्या बाजूने एवढे तरी म्हणता येते.

कंपन्यांकडून वसूल झालेले अब्जावधी डॉलर कुठे आहेत?

औषध कंपन्या, वितरक आणि दुकानांच्या साखळ्या यांच्याशी झालेल्या तडजोडींची एकूण रक्कम ५० अब्ज डॉलरच्या वर आहे. त्यात २०२२ मध्ये पक्की झालेली तडजोड सर्वांत मोठी आहे. तीन वितरक कंपन्यांनी १८ वर्षांत २१ अब्ज आणि जॉन्सन अँड जॉन्सनने ९ वर्षांपर्यंत ५ अब्ज द्यायचे. पर्ड्यू आणि तिच्या मालक सॅकलर कुटुंबाचा पहिला आराखडा सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये फेटाळला, सुमारे ७.४ अब्ज डॉलरच्या नव्या आराखड्याला नोव्हेंबर २०२५ मध्ये मान्यता मिळाली.

आकडा मोठा दिसतो, पण तो पन्नास राज्ये, हजारो काउंट्या आणि दोन दशके यांत वाटला जातो. वर्षाला येणारी रक्कम केंद्राच्या अनुदानाशी तुलना करण्याजोगी आहे, ती मेडिकेडची जागा घेऊ शकत नाही. २०२२ च्या तडजोडीत किमान ८५ टक्के रक्कम संकटनिवारणावरच खर्चावी अशी अट घातली गेली, कारण १९९८ च्या तंबाखू तडजोडीचा धडा ताजा होता. तेव्हा ४६ राज्यांना पंचवीस वर्षांत २०६ अब्ज डॉलर मिळायचे ठरले आणि त्यातला अगदी थोडा पैसा तंबाखू सोडवण्यावर गेला. उरलेल्यात रस्ते झाले, तुटी भरल्या. या वेळीही निवारणाची व्याख्या सैल आहे आणि काही काउंट्यांनी त्यातून पोलिसांसाठी गाड्या घेतल्या आहेत. तरी या पैशाचा एक गुण नजरेआड करू नये: तो अठरा वर्षे येणार हे आज ठाऊक आहे. परिचारिकेला कायम नेमणूक द्यायची तर या पैशावर द्यावी, आणि अनुदान एकवेळच्या खर्चाला लावावे. काही ठिकाणी नेमके उलट चालले आहे.

मृत्यू घटत आहेत, मग आता अनुदान कशाला?

२०२४ मध्ये अतिमात्रेचे मृत्यू सुमारे ८० हजारांवर आले, म्हणजे एका वर्षात जवळपास एक चतुर्थांश घट. नॅलॉक्सोन हाताशी असणे, औषधोपचार वाढणे, बाजारातल्या फेंटानिलची तीव्रता बदलणे अशी कारणे सांगितली जातात, आणि कोणत्या कारणाचा वाटा किती यावर तज्ज्ञांचे एकमत नाही. नॅलॉक्सोनचा मोठा साठा याच अनुदानांतून विकत घेऊन वाटला गेला, हे मात्र निर्विवाद आहे. आणि घटलेला आकडाही कोविडपूर्व काळापेक्षा लहान नाही. २०१९ मध्ये साधारण ७१ हजार मृत्यू होते, आणि त्या वेळी त्याला राष्ट्रीय आणीबाणी म्हणत असत.

पुढची खरी कसोटी अनुदानाच्या बाहेर ठरणार आहे. जुलै २०२५ मध्ये संमत झालेल्या कायद्यानुसार मेडिकेडच्या विस्तारातून आलेल्या प्रौढांना महिन्याला ऐंशी तास काम, शिक्षण किंवा स्वयंसेवा केल्याचा पुरावा द्यावा लागेल. उशिरात उशिरा १ जानेवारी २०२७ पासून ही अट लागू व्हायची आहे, आणि पात्रतेची तपासणी वर्षातून एकदा होते ती दर सहा महिन्यांनी होईल. व्यसनाच्या आजारातले रुग्ण या अटीतून वगळलेले आहेत. पण वगळले जाण्यासाठीही आपण त्या आजाराचे रुग्ण आहोत हे कागदावर सिद्ध करावे लागेल, आणि ज्याचा उपचार अजून सुरूच झालेला नाही त्याच्यापाशी निदानाचा कागद कुठून येणार? जे या कारणाने विम्यातून गळतील, ते त्याच दवाखान्यात त्याच औषधासाठी येतील. फरक एवढाच, की त्यांचे बिल आता अनुदानातून भागवावे लागेल. स्टेट ओपिऑइड रिस्पॉन्सची सध्याची फेरी सप्टेंबर २०२७ मध्ये संपते.